"तेवढा एक रकाना वाढवा की": चेंज रिक्वेस्ट आणि राहून गेलेल्या रिक्वायरमेंट कशा हाताळायच्या

मी दूध संकलनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये प्रोजेक्ट सांभाळतो. त्याआधी बरीच वर्षं हिंजवडीत होतो, तिकडे चेंज रिक्वेस्टला, म्हणजे ठरलेल्या कामात बदल मागायला, पोर्टल होतं, कमिटी होती, तीन सह्या लागायच्या. इकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात सकाळी सव्वासहाला गावच्या एका दूध संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन, "साहेब, पावतीवर मागच्या पाळीचं फॅट पण येऊ द्या की, एक ओळ तर वाढवायची." मी अर्धवट झोपेत म्हणालो, "बघतो, करून टाकू." झालं. त्या 'करून टाकू'ने आमचे नऊ दिवस खाल्ले, कारण पावतीचा प्रिंटर दोन इंची, ओळ वाढली की कागद जास्त लागतो, केंद्रावर नेट नसेल तर मागच्या पाळीचा डेटा आणायचा कुठून, आणि एका संस्थेला दिलं की बाकीच्या विचारणारच आम्हाला का नाही. बिल किती लावलं? शून्य. हो म्हणालो होतो ना मी.

तर तेव्हापासून ठेचा खाऊन जे शिकलो ते इथे पायरी-पायरीने लिहितोय. उदाहरणं दुधाची आहेत कारण मला तीच येतात, तुम्ही शाळेचं अॅप करत असाल नाहीतर कारखान्याच्या वजनकाट्याचं, फार फरक पडणार नाही.

पायरी १: आधी ठरवा, हे नक्की आहे काय

क्लायंटकडून जे काही येतं त्याला आपण सरसकट 'इश्यू' म्हणतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचा खर्च वेगवेगळ्या खिशातून जातो.

एक म्हणजे बग, केलंय पण चुकीचं चालतंय. दहा दिवसांच्या बिलात पशुखाद्याची कपात दोनदा गेली, हा बग, आपला खर्च, गप दुरुस्त करायचा. दुसरं, राहून गेलेली रिक्वायरमेंट, म्हणजे लिहिलं होतं, कबूल केलं होतं आणि झालंच नाही किंवा अर्धं झालं. हाही आपलाच खर्च, पण इथे नुसतं दुरुस्त करून भागत नाही, सांगावं लागतं, त्यावर पुढे सविस्तर येतो. तिसरं म्हणजे चेंज, जे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि आता हवंय. याचे पैसे आणि दिवस क्लायंटचे.

कागदावर हे सोपं वाटतं. खरी डोकेदुखी चौथ्या खणात असते, तो म्हणजे मोघम.

आमच्या कागदावर एक ओळ होती: 'एसएनएफ संघाच्या सूत्राप्रमाणे काढावा.' बस. संघ म्हणजे गावोगावच्या संस्थांचा दूध संघ, आमचा क्लायंट, आणि एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग. दुधाचा एसएनएफ काढताना लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजायच्या उपकरणाच्या) डिग्रीला चारने भागायचं, त्यात फॅटचा एक ठराविक हिस्सा मिळवायचा आणि वर एक स्थिर आकडा मिळवायचा. हा स्थिर आकडा सगळीकडे एकच धरत नाहीत, कुठे ०.३६, कुठे ०.६६. आमच्या डेव्हलपरला इंटरनेटवर ०.३६ वालं सूत्र सापडलं, त्याने ते बसवलं. टेस्टरने तेच सूत्र एक्सेलमध्ये टाकून ताडून बघितलं, शंभरपैकी शंभर. मग आम्ही केंद्रावर गेलो. सेक्रेटरींनी जाडजूड रजिस्टर उघडलं, एका उत्पादकाची २८ डिग्री, ४.० फॅट, आणि कॅल्क्युलेटर न घेता तोंडीच म्हणाले, "आठ पॉइंट सेहेचाळीस." स्क्रीनवर ८.१६. मागे रांगेत कॅन घेऊन उभ्या असलेल्या मावशी लगेच, "म्हंजे माझा दर कापला का रं?" फॅट-एसएनएफच्या पॉइंटावर दर ठरतो ना, गप्प कोण बसेल. मला त्या क्षणी पोटात गोळा आला.

आता हे काय धरायचं? आमच्या डेव्हलपरचं म्हणणं चेंज, कारण सूत्र लिहून दिलेलं नव्हतं. संघाचं म्हणणं चूक तुमची, कारण 'संघाच्या सूत्राप्रमाणे' असं स्वच्छ लिहिलंय. अशा वेळी मी तीन प्रश्न विचारतो. कुठे लिहिलंय? त्या धंद्यातल्या माणसाला ते सांगायचीही गरज वाटणार नाही इतकं उघड आहे का? आणि आपण विचारायला हवं होतं का? तिसऱ्याचं उत्तर हो आलं की मी भांडत नाही. इथे ते हो होतं, एका फोनचं काम होतं ते आम्ही केलं नाही, म्हणून सूत्राची दुरुस्ती आमच्या खर्चाने. पण त्याच बैठकीत संघाने 'संस्थेगणिक वेगळं सूत्र ठेवायची सोय द्या' असं म्हटलं, तो मात्र चेंज, त्याला नंबर पडला आणि बिल लागलं. एकाच विषयाचे दोन तुकडे करता येतात हे लक्षात ठेवा, फार उपयोगी पडतं.

पायरी २: ताडून बघायला काहीतरी असायला हवं

चेंज आहे की नाही हे ठरवायला मूळ काय ठरलं होतं ते गोठवलेलं लागतं, त्याला बेसलाइन म्हणतात. दोनशे पानी डॉक्युमेंट नको, कोणी वाचत नाही, चेअरमन तर नाहीच नाही. मी एक एक्सेल ठेवतो. प्रत्येक रिक्वायरमेंटला नंबर, एका वाक्यात काय हवंय, कोणी सांगितलं, कुठल्या तारखेच्या बैठकीत, कुठल्या स्क्रीनमध्ये आलंय, कुठल्या टेस्टने तपासलं आणि झालं की नाही. मोठ्या कंपन्यांत याला ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स म्हणतात.

यात एक रकाना मी नंतर वाढवला, 'झालं हे कसं कळणार'. या रकान्यात 'लवकर', 'सोपं', 'व्यवस्थित' असले शब्द आले की लाल रंग. 'रिपोर्ट लवकर यावा' याचा अर्थ सेक्रेटरीला दोन सेकंद वाटतो, डेव्हलपरला दोन मिनिटं. एसएनएफच्या ओळीसमोर हा रकाना असता तर आम्हाला संघाकडून दहा नमुना नोंदी मागाव्याच लागल्या असत्या, आणि मावशींसमोर ती वेळ आली नसती.

आणि 'यात काय नाही' हेही लिहा. चार-पाच ओळीच. 'जुना डेटा फक्त चालू आर्थिक वर्षाचा आणला जाईल', 'वजनकाटा आणि फॅट मशीनचे अमुकच मॉडेल जोडले जातील', असं. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

पायरी ३: दार एकच

रिक्वेस्ट फोनवर येते, व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते, ट्रेनिंगच्या वेळी चहा पिताना येते, एकदा मला लग्नाच्या पंगतीत आलीय. येऊ द्या. माणसाला 'पोर्टलवर टाका' म्हणायचं नाही, तो टाकणार नाही आणि रागावेल ते वेगळं. पण कुठूनही आली तरी त्याच दिवशी ती आपल्या एका यादीत गेलीच पाहिजे आणि तिला नंबर पडलाच पाहिजे, सीआर-०७, सीआर-०८ (सीआर म्हणजे चेंज रिक्वेस्ट). मग ज्याने सांगितलं त्याला आणि संघाच्या ठरलेल्या माणसाला एक मेसेज, जसा की:

'नमस्कार, आज सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे: पावतीवर मागच्या पाळीचं फॅट दाखवणे. नोंद सीआर-०७. हे मूळ यादीत नाही. वेळ आणि खर्चाचा अंदाज शुक्रवारपर्यंत कळवतो. मंजुरी आल्यावर काम सुरू करू.'

शेवटचं वाक्य विसरू नका. सगळा मेसेज त्या वाक्यासाठी आहे.

डेव्हलपरला पण सांगून ठेवा, त्याला थेट फोन आला तर उत्तर एकच, "सरांना सांगतो, नंबर पडू दे." आमच्याकडे एक पोरगा फार गुणी होता, कोणाला नाही म्हणायचाच नाही, त्याने परस्पर तीन संस्थांना तीन वेगळे रिपोर्ट करून दिले आणि तो सोडून गेल्यावर त्या तीन रिपोर्टांचा सांभाळ कोणी करायचा, तर मी.

पायरी ४: परिणाम काढा, नुसते कोडिंगचे तास नकोत

इथेच सगळे फसतात म्हणून इथे जरा थांबतो.

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आणलं. अट अशी की ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या दुधाला संघाने किमान २७ रुपये द्यायचे, आणि अनुदान थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जाणार. त्यासाठी जनावरांच्या कानातल्या टॅगचा नंबर आणि उत्पादकाची बँकेची माहिती जोडून द्यायची. आमच्याकडे रिक्वेस्ट आली ती अशी: "सभासदाच्या स्क्रीनवर टॅग नंबरचा तेवढा एक रकाना वाढवा."

डेव्हलपर म्हणाला चार तास. त्याचं चुकलं नाही, रकाना वाढवायला चारच तास लागतात. पण बसून एकेक धागा ओढला तेव्हा काय निघालं बघा. एका शेतकऱ्याच्या गायी असतात पाच-सात, म्हणजे रकाना नाही, वेगळं टेबलच. गाय विकली, मेली, नवी आणली, म्हणजे टॅगला 'कधीपासून कधीपर्यंत' अशा तारखा. नंबर बारा आकडी, हाताने टाकताना चुकणारच, म्हणजे तपासणी हवी आणि एकच टॅग दोन शेतकऱ्यांच्या नावावर गेला तर अडवायला हवं. अनुदान फक्त गायीला, आणि आपल्याकडे ज्याच्याकडे गाय-म्हैस दोन्ही आहे त्याचा कोड काही संस्थांत एकच, म्हणजे ते आधी वेगळं करा. मग सरकारला द्यायची यादी कुठल्या नमुन्यात, तो नमुना हातात यायचाय. हे सगळं भरणार कोण? सेक्रेटरी, तेही सकाळची पाळी संपल्यावर, गोठ्यात जाऊन टॅग वाचून, म्हणजे मोबाइलवर भरायची सोय आलीच. आणि प्रत्येक संस्थेत ट्रेनिंग. चार तासांचे बेरीज करता करता नव्वदच्या पुढे गेले.

म्हणून माझी अंदाज काढायची सवय अशी झालीय की रिक्वेस्ट घेऊन मी नोंदीपासून पैशापर्यंतचा सगळा रस्ता चालून येतो. नोंद कोण करतो, कधी करतो, नेट नसेल तर काय. जुन्या नोंदींचं काय. कुठकुठल्या रिपोर्टात हे दिसणार. बिलाच्या रकमेला हात लागतो का (लागत असेल तर तपासणी दुप्पट धरा, पैशाचं चुकलं की विश्वास जातो). आधी चालणारं काय मोडू शकतं. ट्रेनिंग, मदतीचे फोन, पुढच्या वर्षभराचा सांभाळ. आणि शेवटी, हे घेतलं तर चालू कामातलं काय मागे पडतं, तारखेसकट. हा शेवटचा मुद्दा सांगितला नाही तर क्लायंटला वाटतं नवीन कामही होईल आणि जुनी तारीखही पाळली जाईल.

आकडा देताना एकच द्यायचा नाही. '७० ते १०० तास, नमुना हाती आल्यावर पक्का करतो' असं सांगा आणि कशामुळे वाढेल तेही सांगा. अंदाजाला मुदतही टाका, आम्ही ३० दिवस टाकतो, नाहीतर दिवाळीनंतर कोणी उगवतो आणि गुढीपाडव्याचा आकडा दाखवतो.

या अनुदानाची गोष्ट अजून संपलेली नाही. जुलै २०२४ पासून किमान दर ३० आणि अनुदान ५ झालं, ऑक्टोबर २०२४ पासून दर २८ आणि अनुदान ७. एका वर्षात तीनदा. पहिल्या वेळी आम्ही घाईत २७ आणि ५ हे आकडे थेट कोडमध्येच लिहिले होते, जुलैत नव्याने रिलीज करावं लागलं, तेव्हा शहाणे झालो आणि दर, अनुदान, तारखा असं सगळं सेटिंगमध्ये काढून ठेवलं, ऑक्टोबरचं काम दहा मिनिटांत झालं. जे बाहेरच्या माणसाच्या हातात आहे, सरकार, टॅक्स, दर, ते एकदा बदललं की परत बदलणार असं धरूनच चेंजचा अंदाज काढा, पहिल्यांदा थोडे जास्त तास गेले तरी चालतील.

पायरी ५: निर्णय कोण घेणार, आणि त्याच्यापुढे काय ठेवायचं

प्रोजेक्ट सुरू होतानाच ठरवून घ्या की होकार कोणाचा चालतो. मोठ्या ठिकाणी चेंज कंट्रोल बोर्ड असतं. आमच्याकडे संघाचे कार्यकारी संचालक, त्यांचा संगणक विभागातला माणूस आणि मी, दर मंगळवारी अर्धा तास. आठ तासांच्या आतलं काम संगणक विभागवाले आणि मी आपापसात ठरवतो, त्याच्या वरचं मंगळवारी, आणि तारीख किंवा एकूण रक्कम हलणार असेल तर संचालकांची सही. संस्थेचा सेक्रेटरी कितीही ओळखीचा असला तरी त्याचा 'हो' हा हो नाही, बिचाऱ्याला तो अधिकारच नसतो, पण सगळ्यात जास्त रिक्वेस्ट त्याच्याकडूनच येतात.

बैठकीत 'करू का नको' असं विचारायचं नाही. पर्याय ठेवायचे. आत्ता करतो, इतके पैसे, तारीख इतकी पुढे. किंवा आत्ता करतो, पैसे तेच, तारीख तीच, पण यादीतलं अमुक एक काम बाहेर काढा. किंवा पुढच्या टप्प्यात. किंवा सॉफ्टवेअरला हात न लावता असं असं भागवा. दुसरा पर्याय मला सगळ्यात आवडतो, कारण अदलाबदल करायची म्हटलं की माणूस स्वतःच ठरवतो की आपल्याला हे किती हवंय. संचालकांना एकदा डॅशबोर्डवर रंगीत नकाशा हवा होता. मी म्हटलं देतो, त्याबदल्यात कपातीची यादी पुढे ढकलू का? दोन सेकंद शांतता. मग "नकाशाचं बघू नंतर."

छोट्या-छोट्या गोष्टींसाठी करारातच थोडे तास राखून ठेवले तर रोजची कटकट वाचते. आम्ही ४० तास ठेवतो आणि दर मंगळवारी किती उरले ते पहिल्या ओळीत सांगतो. शिल्लक दिसत राहिली की लोक जपून खर्च करतात, घरखर्चासारखंच आहे.

घाईच्या गोष्टींना वेगळी वाट हवी. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून लागू, तूप-लोणी-चीज १२ वरून ५ टक्के, पॅकिंगमधलं पनीर ५ वरून शून्य. संघाच्या विक्रीच्या बिलाला ते लागणारच, तिथे मंगळवारची वाट बघत बसता येत नाही. अशा वेळी फोनवर होकार, लगेच दोन ओळींचा ईमेल, काम सुरू, आणि बाकीचे कागद पाच दिवसांत. पण 'घाईचं' कशाला म्हणायचं ते आधी ठरवून ठेवा: कायदा, पैशाची चूक, संकलन बंद पडणं. चेअरमन साहेबांना उद्या दाखवायचंय हे घाईत बसत नाही.

पायरी ६: लिहून घ्या, मगच हात लावा

मी वकील नाही, पण दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे दोन्ही बाजूंनी मिळून करार बदलला की जुनं पाळायची गरज राहत नाही, म्हणजे मंजूर झालेली चेंज रिक्वेस्ट हा कराराचाच बदल आहे, चिठ्ठी-चपाटी नाही. आणि कलम ७० असं म्हणतं की फुकट करायचा हेतू नसताना कोणी दुसऱ्यासाठी काम केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. ऐकायला छान आहे. पण 'हेतू फुकटचा नव्हता' हे दाखवणार कशाने? म्हणून तो पायरी तीनमधला मेसेज.

मंजुरीचा कागद एका पानाचा बास: नंबर, काय बदलतंय, का, तास, रक्कम आणि त्यावरचा जीएसटी वेगळा, नवीन तारीख, कुठल्या जुन्या रिक्वायरमेंटला धक्का लागतो, झालं हे कसं तपासणार, सही. सही ईमेलवर 'मंजूर' आली तरी आम्ही चालवून घेतो. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा चालवून घेत नाही, एकदा चालवून घेतला होता, नंतर कळलं की तो अंगठा 'वाचलं' या अर्थाचा होता.

काम झाल्यावर बेसलाइनच्या एक्सेलमध्ये बदल, टेस्टच्या यादीत बदल, ट्रेनिंगच्या पुस्तिकेत बदल. कंटाळवाणं आहे, पण सहा महिन्यांनी नवा माणूस जुना कागद बघून तुमचा चेंज 'बग' म्हणून काढून टाकतो तेव्हा त्या कंटाळ्याची किंमत कळते.

पायरी ७: आपल्याकडूनच राहिलं असेल तेव्हा

चेंजवर सगळे लिहितात, यावर फारसं कोणी लिहीत नाही, कारण लाज वाटते.

आमच्या यादीत होतं: 'दूध घेतल्यावर पावती ५ सेकंदात निघावी.' ऑफिसात दोन सेकंदात निघत होती. केंद्रावर घेऊन गेलो, मोबाइलच्या नेटवर, सकाळच्या पाळीत, तर १४. आमचं सॉफ्टवेअर आधी सर्व्हरला विचारायचं आणि मग छापायचं. १४ सेकंद ऐकायला काहीच नाही. पण त्या केंद्रावर सकाळी ८० माणसं येतात, माणशी ९ सेकंद जादा म्हणजे ७२० सेकंद, १२ मिनिटं. बाहेर दुधाची गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, त्याला पुढची चार गावं करायचीत.

क्लायंटची तपासणी आठवड्यावर होती. टीममध्ये सूर असा की तपासणी तालुक्याच्या गावी आहे, तिथे नेट चांगलं आहे, निघून जाईल. खरंच निघून गेली असती. पण पहिल्या पंधरवड्यात गावोगावचे फोन आले असते आणि तेव्हा ते 'राहिलं' झालं नसतं, 'लपवलं' झालं असतं. म्हणून मी त्याच संध्याकाळी संचालकांना फोन केला आणि मग लिहून पाठवलं. यात क्रम महत्त्वाचा आहे, आधी फोन, मग कागद. नुसता कागद गेला तर माणूस दुखावतो आणि नुसता फोन झाला तर विसरतो.

कागदात काय होतं: यादीतला नंबर आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. प्रत्यक्ष किती लागतात, कुठे, कधी मोजलं. कारण, दोन वाक्यांत, तांत्रिक पाल्हाळ न लावता. दुरुस्ती होईपर्यंत काय करायचं (जिथे नेट कमजोर तिथे सुरुवात पुढे ढकलायची, अशा केंद्रांची यादी सोबत). पक्की दुरुस्ती काय (पावती केंद्रावरच्या मशीनवरूनच छापायची, सर्व्हरला नोंद मागाहून), किती दिवसांत, कोण करणार. आणि खर्च आमचा. 'तांत्रिक अडचणींमुळे', 'काही कारणास्तव' असले शब्द काढून टाका, चिडलेल्या माणसाला ते शब्द लगेच दिसतात.

तेव्हा क्लायंटपुढेही रस्ते ठेवायचे. सगळं थांबवून आधी हे करा. किंवा बाकीचं स्वीकारतो, हे अटीवर, म्हणजे स्वीकृतीच्या पत्रातच 'अमुक नंबर बाकी, अमुक तारखेपर्यंत' असं लिहायचं आणि त्या टप्प्याच्या बिलातले काही पैसे तोपर्यंत अडकवून ठेवायचे. आम्ही १० टक्के ठेवा असं स्वतःहून सांगितलं. पार्टनर माझ्यावर उखडला होता, पण बाकीचे ९० टक्के वेळेवर आले, नाहीतर सगळंच बिल अडकलं असतं. किंवा तिसरं, 'चालेल, १४ सेकंद असू दे', तर तेही लेखी, सूट म्हणून, कुठल्या केंद्रांना आणि कधीपर्यंत. संघाने दुसरा रस्ता घेतला.

एक सवय मात्र मोडा. राहिलेल्या रिक्वायरमेंटला 'फेज टू' म्हणून सरकवणे. फेज टू मध्ये क्लायंटने मागितलेल्या नव्या गोष्टी जातात, आपली उधारी नाही जात. दोन वेगळ्या याद्या ठेवा.

आणि मुळाशी जा. कोडचा दोष दोन दिवसांत निघाला. खरी चूक अशी की 'झालं हे कसं कळणार' या रकान्यात '५ सेकंद' होतं पण 'कुठे मोजून' हे नव्हतं. आता तिथे लिहिलंय: केंद्रावर, सकाळच्या पाळीत, मोबाइलच्या नेटवर, लागोपाठ २० पावत्या.

कधी राहण्याचं कारण क्लायंटकडेही असतं. सभासदांची बँक खाती वेळेवर आलीच नाहीत तर बँकेत बिल जमा करायची सोय तपासणार कशावर? पण हे शेवटी सांगितलं तर बहाणा वाटतो. ज्या मंगळवारी उशीर झाला त्या मंगळवारच्या नोंदीत लिहा, न रागावता, '१२ संस्थांची खाती येणे बाकी, रोज एक दिवस पुढे.' दर आठवड्याला तीच ओळ. तिसऱ्या आठवड्यात संचालकच खाली फोन लावतात.

पायरी ८: बाहेर कधी सोडायचं

मंजूर झालेले, तपासलेले बदल एकेक करून सोडू नका, गठ्ठ्याने सोडा, आम्ही महिन्यातून एकदा. आमच्या धंद्यात बिल दहा दिवसांचं, म्हणून १०, २० आणि महिनाअखेर, याच्या दोन दिवस आधीपासून एक दिवस नंतरपर्यंत काही म्हणजे काही बदलायचं नाही. दिवाळीआधी दूध दरफरक वाटतात, तेव्हा तर तीन आठवडे कुलूप. तुमच्या धंद्यात अशा तारखा कुठल्या ते क्लायंटला विचारा, शाळेत निकाल असेल, कारखान्यात हंगामाची सुरुवात असेल, आणि त्या करारातच टाका, म्हणजे ऐन वेळी 'तेवढं एक' आलं की तारीख दाखवता येते.

आणि ती पावतीवरची ओळ. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेने तेच मागितलं, मागच्या पाळीचं फॅट. यावेळी नंबर पडला, अंदाज गेला, वर्षाला जादा कागदाचा खर्च किती तोही वेगळा लिहून गेला. दोन दिवसांनी सेक्रेटरींचा फोन, "राहू द्या ओ पावतीचं, त्यापेक्षा एसएमएसमध्ये टाका की, तिथं कुठं कागद लागतोय." एसएमएसचा मजकूर बदलला की तो ऑपरेटरकडून नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो, हे त्यांना सांगितलं. सीआर-४१. अंदाज शुक्रवारी द्यायचाय.